मधमाश्यांच्या पद्धतीने बाबांचं घर ठरवताना

यवतमाळ, रविवार

आदरणीय मानीआत्यास,

धम्मरत्नचा मनापासून जयभीम. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे दोन वेळ जेवतो आणि एकमेकांशी कमी बोलतो. तुझे गुडघे काय म्हणतात? बाबा तुझ्याकडे आर्णीला पोचल्याचं शीलाकडून कळलं. माझा फोन ते उचलत नाहीत, म्हणून हे पत्र. झाला प्रकार तुला माझ्याकडूनही कळावा, कारण बाबांनी सांगितला असेल तो याहून वाईट असणार (आणि बहुधा खरा).

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि संशोधन मधमाश्यांवर करतो, हे तू जाणतेस. (याचा पगार देतात का, असं तुझ्या शेजारच्या बिजलीबाईंनी विचारलं होतं. देतात.) माश्यांचा थवा जुनं पोळं सोडतो तेव्हा सगळ्या जणी फांदीला लटकून बसतात. काही जणी जागा पाहायला जातात आणि परत येऊन नाचतात. जागा जितकी चांगली, तितका नाच जास्त. मग दुसऱ्या जाऊन पाहतात, त्याही येऊन नाचतात, आणि हळूहळू सगळ्यांचं एका जागेवर जमतं. राणी हुकूम सोडत नाही, सरपंच नाही, मतदान नाही. शिवाय प्रत्येक माशी थोडं नाचून आपणहून गप्प होते. हीच रीत मी कॉम्प्युटरला शिकवतो : पुष्कळ लहान यंत्रं, वर साहेब कोणीच नाही, तरी निर्णय होतो. यावर मी परदेशात भाषण देऊन आलो. तेव्हा आई गेल्यावर बाबांनी कोणाकडे राहायचं हे शीला, विक्की आणि मी अशा आम्हा तिघा भावंडांना ठरवता येऊ नये, हा मला शास्त्राचा अपमान वाटला.

मी नियम घालून दिला. प्रत्येकाने तिन्ही घरं पाहून यायची आणि सगळ्यांत चांगलं वाटेल त्याची बाजू मांडायची. घरं पाहून झाल्यावर आम्ही नेरला बाबांच्या घरी जमलो. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. शीला आधी बोलली. विक्कीच्या पुण्याच्या फ्लॅटची लिफ्ट, खालचा बगीचा, हाकेवरचा दवाखाना, तिला दम लागेपर्यंत. मग विक्कीने माझ्या घराचं अंगण, मोकळी हवा आणि बाबांच्या ओळखीची माणसं, यांचं तोंड भरून कौतुक केलं. मी उठलो आणि शीलाच्या अमरावतीच्या घराबद्दल बोललो. तिच्या हातचं भरीत, जावयांचा शांत स्वभाव (जावई तेव्हा तिथेच घोरत होते). आत्या, तिघंही फार सुंदर बोललो, आणि गप्प कोणीच होईना.

माझ्या सगळ्या संशोधनात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. माशी ज्या घरासाठी नाचते, त्या घरात तिला स्वतःलाही राहायचं असतं. ही गोष्ट मला इतकी उघड वाटत होती की मी ती कुठे लिहिलीसुद्धा नव्हती.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काहून रे, तुमी माह्यासाठी घर पाहून राह्यले, का मले खपवून राह्यले?" विक्की मोबाइल पाहू लागला, शीला चहा ठेवायला उठली. चहा होईस्तोवर बाबा पिशवीत कपडे भरून निघूनही गेले होते. मला त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. तरीही पद्धत चुकीची नव्हती, एवढं तू त्यांना माझ्या वतीने सांग.

तुझा भाचा,
धम्मरत्न

ता. क. आम्हा तिघांपैकी कोणाकडे राहायला आवडेल, हे बाबांना आडून विचार. मी विचारतोय असं कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. आत्ताच शीलाचा फोन आला. तुझा चष्मा फुटलाय म्हणे, म्हणजे हे पत्र तुला बाबाच वाचून दाखवत असणार. बाबा, मग आता आडून कशाला? आमचं अंगण विक्कीने सांगितलं तेवढं मोठं नाही. नळ आठवड्यातून दोनदा येतो, तुमची सून प्रेरणा भाजीत तिखट जास्त घालते आणि मी दिवसभर कॉम्प्युटरपुढे असतो. तरी तुम्ही माझ्याकडेच या. मला 'धम्मा' म्हणणारे आता तुम्ही एकटेच उरलात. शनिवारी पहिल्या बसने आर्णीला येतो. नाही म्हणालात तर आत्याच्या हातचं जेवून परत जाईन, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येईन.