सासूबाईंचा मोर आणि पटकीची लस

॥ श्रीराम ॥
पंचवटी, नाशिक
श्रावण वद्य तृतीया, शके १९०२

तीर्थस्वरूप निवृत्तीदादा यांच्या चरणी धाकटी बहीण लता हिचा नमस्कार पोचावा. इकडे रामाच्या कृपेने आम्ही सगळे उभे आहोत (मधे सासूबाई आडव्या होत्या, ते पुढे येईलच). आपला खोकला गेला का, वहिनींचा गुडघा काय म्हणतो, आणि चाळीतल्या कांद्याला ओल तर लागली नाही ना, ते सवडीने कळवावे. कागद पाहून नाक मुरडू नये. गेल्या सालच्या कॅलेंडरची पानं आहेत, पाठ कोरी होती, ती वाया कशाला घालवायची. (मायन्यात 'आपण' लिहिलं आहे. यापुढे 'तू' येईल, त्याचा राग मानू नकोस.)

राखी सोबत आहे, वहिनींकडून बांधून घे. दरसाल राखीला तू स्वतः येतोस, या साली आला नाहीस. कांदा उपसायचा आहे असं कळवलंस. बरं. कांदा तर उपसलाच पाहिजे.

तर पहिली गोष्ट ही, की सासूबाईंची सिंहस्थातली पर्वणी झाली. रामकुंडात बुडी मारून त्या धडधाकट घरी आल्या. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. माझा पंधरा दिवस लागलेला होता, तेवढं एका घराला पुरे. बारा वर्षांमागचा सिंहस्थ तुला आठवत असेल. आई आधीच गेलेली, म्हणून माझं पहिलं बाळंतपण सासरीच झालं, आणि ऐन पर्वणीच्या पहाटे मला कळा सुरू झाल्या. सासूबाई कोरडी लुगडी पिशवीत भरून उंबऱ्यापर्यंत पोचल्या होत्या. त्या तिथूनच परत फिरल्या आणि चुलीवर पाणी तापत ठेवलं. रामकुंड इथून हाकेच्या अंतरावर, पण त्यांना जाता आलं नाही ते नाहीच. दुसरी एखादी असती तर बारा वर्षं ऐकवलं असतं. सासूबाईंनी अकराच वर्षं ऐकवलं, शेवटचं वर्ष त्या तयारीला लागल्या. "फुडच्या बारा वर्सांनी मी हाय का नाय, रामाला ठावं," असं म्हणून त्यांनी नवं लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं. तेव्हा ही बुडी काही झालं तरी मारायची, आणि ती मी मारायला लावायची, असं मी देवापुढे बोलून बसले होते.

आणि नेमकी त्यातच लस आडवी आली. दरसाल पावसाळा लागला की पटकीची लस टोचणारी माणसं गल्लीत येतात आणि दरसाल आमच्या दाराला आतून कडी लागते, हा आमचा ठरलेला कुळाचार. पण या साली सिंहस्थ. रिक्षाला कर्णा बांधून सकाळ-संध्याकाळ सांगत फिरायला लागले, की लस टोचल्याचा दाखला जवळ असेल त्यालाच घाटावर सोडणार. झालं. सासूबाई म्हणाल्या, रामाच्या दारात जायला दाखला कशाला, मी काय तालुक्याच्या कचेरीत चाललेय का. आणि त्या आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून जप करायला बसल्या.

आता घरातली बाकीची मतं सांगते. हे ओझरला विमानाच्या कारखान्यात जातात, पण ह्यांचं खरं शिक्षण कारखान्याच्या बसमध्ये झालं आहे. बसमध्ये पुढे जागा मिळाली तर शेजारी भिकनराव असतात. त्यांचं म्हणणं, लस म्हणजे रोगाचंच पाणी, विकतचं दुखणं. (लस फुकट आहे, मग विकतचं कसं, असं मी विचारलं, तर हे म्हणाले तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही.) मागे जागा मिळाली तर तिथले एक फोरमन म्हणतात, विमानाचं काही बिघडलेलं नसलं तरी उडण्याआधी तपासतोच की नाही, तसंच हे. त्यामुळे संध्याकाळी हे बसमधून उतरले की मी आधी विचारायची, आज कुठे बसला होता. त्यावरून घरात लसीच्या बाजूने बोलायचं की विरुद्ध, ते मला कळायचं. शेवटी एका शनिवारी कारखान्यात सगळ्यांना ओळीने उभं केलं, आणि ह्यांचं मत पक्कं व्हायच्या आत ह्यांचा नंबर आला. मग दोन दिवस तो हात पदकासारखा पुढे धरून घरभर हिंडले. उजवा की डावा हे आम्ही विसरू नये म्हणून मधूनमधून विव्हळायचे. जेवताना मात्र दोन्ही हात चालत होते.

शेजारच्या आक्काबाईंचं तिसरंच. (आक्काबाई आणि सासूबाई माहेरच्या एकाच गावच्या, एकाच ओढ्यावर धुणं बडवलेल्या. त्यामुळे सासूबाईंना तोंडावर बोलण्याचा हक्क आमच्या गल्लीत त्या एकट्यांना आहे.) त्या म्हणतात, सुई नको नि काही नको, दारात कांदा टांगा, पटकी उंबरा ओलांडत नाही. आता चातुर्मासात आमच्या घरात कांदा बंद, सासूबाई माळकरी. तू जेठात पाठवलेलं पोतं आम्ही आषाढीच्या आधी जिवावर उदार होऊन संपवलं होतं, तरी थोडे उरले ते आक्काबाईंकडे ठेवायला दिले होते. त्यातलाच एक त्यांनी आमच्या दारात आणून टांगला. सासूबाई म्हणाल्या, चातुर्मासात कांदा चालत नाही. आक्काबाई म्हणाल्या, खायला चालत नाही, पटकीला भिववायला चालतो. आठ दिवस आमच्या घरात येणारा जाणारा तो कांदा डोक्याला लावून घेत होता, आणि पोस्टमनने तर त्याला घंटा समजून हलवला. शेवटी त्याला कोंब फुटला तेव्हा मी तो काढून कुंडीत लावला. पात तरी मिळेल, चातुर्मास संपल्यावर.

सासूबाईंना मी माझ्या परीने समजावलं. मॅट्रिकला शरीरशास्त्र होतं, तेवढ्या भांडवलावर पटकी पाण्यातून कशी येते हे सांगितलं. त्या म्हणाल्या, गंगेच्या पाण्याला नावं ठेवू नकोस. मग उपासाचं निघालं. श्रावणी सोमवारी टोचून घेतलं तर उपास मोडतो का, हा प्रश्न त्यांनी असा काही धरला, की मला देवळातल्या गुरुजींकडे जावं लागलं. गुरुजींनी फक्त उपरणं बाजूला करून स्वतःच्या दंडावरचा कापसाचा बोळा दाखवला. हे घरी येऊन सांगितल्यावर सासूबाईंजवळ एकच मुद्दा उरला, तो म्हणजे त्या भीत नाहीत. "मी भ्याले म्हनून न्हाई म्हनत नाय. गोंदनारनीनं दोन्ही हात भरले तवा हूं का चूं केलं नाय मी. तिच्या सुया काय, दाभनं व्हती." हे त्यांनी मला, ह्यांना, दूधवाल्याला आणि लस टोचणाऱ्या सखुबाईला वेगवेगळं सांगितलं.

सखुबाई ही नगरपालिकेची नर्स. मारुतीच्या पारावर टेबल मांडून बसायची. बाईमाणूस स्वभावाने चांगली, पण दिवसभर दंड पाहून पाहून कंटाळलेली. तिला मी हात जोडून आमच्या ओट्यावर आणलं. सुया उकळायचं तिचं भांडं मी आमच्याच स्टोव्हवर ठेवलं (रॉकेल किती मुश्किलीने मिळतं हे मी तिला बोलून दाखवलं नाही). उकळून झालं तरी स्टोव्ह तापलेलाच होता, तो फुकट का विझवायचा, म्हणून मी लगेच त्यावर चहाचं आधण ठेवायला आत गेले. पुढचं सगळं मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं.

सासूबाईंनी पदर सावरून डावा हात पुढे केला. सखुबाईने बाही वर केली तर दंडावर तुळशीवृंदावन. तिने सुई जवळ नेली तसा सासूबाईंनी हात मागे ओढला, की तुळशीला टोचतेस का, तिच्याखाली रामाचं नाव आहे, दिसत नाही का. बरं, मग उजवा. उजव्या दंडावर पाळणा.

"अगं बाई, पाळन्यात किष्नदेव निजलाय. त्याला टोचतीस?"

सखुबाई म्हणाली, मग पाळण्याच्या दोरीला टोचते, बाळाला धक्का लागणार नाही. सासूबाई म्हणाल्या, दोरी तुटली तर. सखुबाईने सुई खाली ठेवली आणि कपाळ पुसलं.

"आजी, मला गल्लीभर फिरायचंय. देव नसलेली जागा तुम्हीच दाखवा, मी तिथं टोचते."

मग सुरू झाली शोधाशोध. एवढ्यात आक्काबाई आल्याच. एकीने डावा हात धरला, एकीने उजवा, आणि वाण्याच्या दुकानात नारळ फिरवून पाहावा तसे सासूबाईंचे दंड फिरवून पाहायला लागल्या. शंख निघाला, चक्र निघालं, एका कोपऱ्यात गाईची पावलं निघाली. मी दारात उभी राहून घाम पुसत होते. माझ्या मनात एकच, की सासूबाईंच्या अंगावरच्या देवांपायी त्यांना खालच्या देवापर्यंत जाता येणार नाही. आणि डाव्या दंडाच्या मागच्या अंगाला, जिथे सासूबाईंना स्वतःलाही दिसत नाही, तिथे एक मोर निघाला. मान होती, चोच होती, डोक्यावर तुरा होता. मागे मात्र काही नाही, नुसती कोरी कातडी.

सखुबाई म्हणाली, आजी, ह्याचा पिसारा कुठंय.

सासूबाई एकदम जपाला लागल्या. मी एवढ्या वर्षांत त्यांना इतक्या वेगाने जप करताना पाहिलं नव्हतं. आणि आक्काबाई ओट्यावर मटकन बसून तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. म्हणाल्या, पिसाऱ्याच्या वक्ताला ही पळाली. गोंदणारीण शाईची वाटी घेऊन बसली आणि ही गव्हाणीत कडब्याखाली दडली, आख्खं गाव शोधत होतं, म्हशीने कडबा ओढला तेव्हा सापडली. मग पिसारा राहिला तो राहिलाच.

हे सगळं ओट्यावर, चारचौघांत. दूधवालाही होता. मला वाटलं, संपलं, आता ह्या उठून आत जाणार आणि पर्वणी गेली. सासूबाईंनी आक्काबाईंकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. तिथून बायका डोक्यावर गाठोडी घेऊन गंगेकडे चालल्या होत्या. मग त्यांनी पाठ फिरवली आणि दंड सखुबाईपुढे केला.

"टोच मग तिथंच. येक तरी पीस भरू दे त्याचं."

टोचलं. हूं नाही, चूं नाही. (डोळ्यांतून पाणी आलं, ते चहाच्या धुराने, असं आम्ही सर्वांनी मान्य केलं आहे.) सखुबाईने दाखल्यावर नाव घातलं आणि म्हणाली, आता कोण. तेवढ्यात माझा चहा उतू गेला.

रात्री सासूबाईंना कणकण आली, दंड सुजला आणि मोर चांगला कोंबड्याएवढा झाला. एक दिवस त्या आडव्या होत्या. हे खिडकीशी उभे राहून भिकनरावांचं मत पुन्हा बोलायला लागले, तेव्हा मी ह्यांना दळण आणायला पाठवलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, त्यांनी भाकरी मागितली, आणि मी देवापुढे साखर ठेवली.

पर्वणीला हे त्यांना घेऊन गेले. मी घरीच राहिले, आल्यावर फराळाचं कोणीतरी करायला हवंच. ह्यांनी सांगितलं ते असं, की गर्दी इतकी की बांबूच्या अडसराजवळचा स्वयंसेवक कोणाला काही विचारतच नव्हता, नुसता चला चला करत होता. सासूबाई तिथेच उभ्या राहिल्या. मागून माणसं ढकलतात, हे हाताला धरून ओढतात, पण त्या हलेनात. त्यांनी त्या पोराला दाखला उघडून दाखवला. तो न बघताच म्हणाला, जा आजी. मग त्यांनी बाही वर करून त्याला मोर दाखवला. त्याने मोराला हात जोडले तेव्हा त्या पुढे गेल्या. पाण्यात उतरून पहिली बुडी स्वतःची मारली, दुसरी माझ्या नावाची मारली. हे मला ह्यांनी सांगितलं. सासूबाईंनी सांगितलं नाही.

मी सुटले, दादा. बारा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय. वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
लता

ता. क. दाखला देवघरात रामाच्या तसबिरीमागे ठेवला आहे, रोज कुंकू लागतं. दरसाल एक पीस भरायचं असं सासूबाईंनी ठरवलं आहे. पुढच्या पावसाळ्यात सखुबाईला बोलावणं त्याच पाठवणार आहेत.

ता. क. आणखी एक. वहिनींचं वेगळं पत्र आलं. कांदा तू आषाढातच उपसलास, आणि चांदवडच्या एस.टी. स्टँडवर नाशिकला येणाऱ्यांना टोचत होते तिथून तू लघवीला जातो असं सांगून गेलास तो थेट घरी गेलास, असं त्यात आहे. वहिनींना रागावू नकोस, मी सासूबाईंखेरीज कोणाला वाचून दाखवलं नाही.

ता. क. कागद संपला म्हणून कडेने लिहिते. अजून अवसेची पर्वणी आहे. माझ्याजवळ दाखला नाही. चहा मीच मुद्दाम उतू जाऊ दिला होता. आठवतं का, सोनाराने माझं नाक टोचलं तेव्हा तू माझा हात धरून बसला होतास, आणि माझ्याआधी तूच इतका रडलास की माझं रडायचं राहून गेलं. तेवढ्यासाठी ये. आधी तू टोचून घे, मग मी घेते. सासूबाईंना विचारून लिहिलं आहे. त्या म्हणाल्या, बलाव त्याला, या बारीला चहा मी ठेवीन.