तुझ्या डॉक्टरबद्दल इथे लोक काय म्हणतात

आरमोरी

प्रिय नंदिनी,

“सत्यशीला लिहन आन् नंदिनी तिच्या चुका काढन, तवा कुठी दोघींत मिळून एक लेखक होईन.” गुणवंतराव सर शाळेच्या नाटकाच्या तालमीत असं म्हणाले आणि सगळे हसले. सर्वांत जास्त तू. मला मात्र ते वाक्य बक्षिसासारखं वाटलं होतं, कारण लिहिणारी मी ठरले होते. तू माझे संवाद मोठ्याने वाचायचीस आणि मध्येच थांबायचीस, “हे खोटं हाय सत्ये, असं कोनी बोलत नाई.” मी चिडून पान फाडायचे आणि मग तू म्हणालीस तसंच पुन्हा लिहायचे.

तुझ्या कादंबरीचं मुखपृष्ठ मी पहिल्यांदा पाहिलं ते सरिताच्या मोबाईलवर. आमची धाकटी आता ऊर्जानगरला क्वार्टरमध्ये राहते, नवऱ्याची तिथल्या वीज प्लांटमध्ये नोकरी. तिने विचारलं, “ताई, तू तं आधीच वाचली असशीन ना?” मी हो म्हटलं. मग घरी येऊन प्रत मागवली, दुकानातून पुस्तक मागवणाऱ्या कुठल्याही बाईसारखी.

चांगली आहे गं. हे लिहायला मला किती वेळ लागला ते तुला कळणार नाही. तुझा मनोविकारतज्ज्ञ रुग्णांचं बोलणं चोरून रेकॉर्ड करतो आणि बायको गेल्यानंतरच्या रिकाम्या घरात ते आवाज लावून जेवतो, हे वाचून मी पुस्तक मिटून ओट्यापाशी उभी राहिले. मग एक रुग्ण मुलगी नाहीशी होते. तिला कोणी पळवलं हे त्या रेकॉर्डिंगमधून फक्त त्यालाच कळलेलं असतं, पण सांगायचं तर स्वतःची चोरी कबूल करावी लागेल. हे मला सुचायला हवं होतं, असं मनात आलं. एकदा नाही, पानोपानी.

आमच्या वाचनालयात रविवारी तुझ्या पुस्तकावर चर्चा झाली. सरिताही मुद्दाम आली होती. प्रफुल आता कॉलेजात शिकवतो, म्हणून तो उभं राहूनच बोलतो. “सुरुवात जबरदस्त हाय, पन गुन्हेगार मले मधातच समजला. शेवटी हवाच निघून गेली.” सरिता म्हणाली, “माह्या शेजारनीनं तं हे वाचून पोराची डॉक्टरची अपॉइंटमेंटच रद्द केली. म्हने, आमच्या घरातलं तो रेकॉर्ड करून ऐकत बसन. याले हिरो म्हनतेत का?” बाजारात मासे विकणाऱ्या मैनाबाईंनी पुस्तक दोनदा नेलं होतं. त्या म्हणाल्या, “बायको मेली, घर खायाले उठते, तं मानूस आवाज ऐकन नाई तं काय करन? पन त्या पोरीसाठी तोंड उघडाले पायजे होतं गधड्यानं! मले त्याचा राग येते आन् त्याले जेवाले वाढाव असंबी वाटते.” प्रफुल हसला, “मैनाबाई, झिंगे वाढजा, मंग सारं कबूल करन.”

प्रफुलने शेवटाला नावं ठेवली तेव्हा मला आतून थंड वाटलं. कडक उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. तो आणखी बोलावा असं वाटत होतं. पण तो बोलत राहिला आणि मला त्याचाच राग यायला लागला. मी म्हटलं, “सर, गुन्हेगार कोन हे लपवाचंच नोयतं तिले. डॉक्टर केव्हा बोलते याचं पुस्तक हाय ते.” सरिता माझ्याकडे बघतच राहिली. नंतर मी खूप विचार केला. तुझ्या चुका दिसल्या याचं मला दुःख नव्हतं. त्या दुसऱ्या कोणी काढल्या याचं होतं. शेवटचं प्रकरण खरंच लांबलं आहे, नंदिनी. ते मी तुला सांगितलं असतं. मुलाखतीत तुला विचारलं, पहिला वाचक कोण, तर तू पुण्यातल्या तुझ्या संपादकांचं नाव घेतलंस. ते खरंच असेल. मी ते वाक्य इतक्यांदा वाचलं की आता त्याचा अर्थ लागत नाही.

त्याच मुलाखतीत तू म्हणालीस, झाडीपट्टीच्या नाटकात सगळं मोठ्याने सांगावं लागतं आणि तुझा डॉक्टर तर कुजबुजणारा आहे. तिथे तो टिकणार नाही. मी इतकी वर्षं त्याच रंगमंचासाठी लिहिते हे तुला माहीत आहे. मंडईच्या जत्रेतल्या नाटकात बायका लेकरांना मांडीवर निजवून बसतात आणि नटी नुसती वळली तरी सगळा मांडव गप्प होतो. तूही माझ्या शेजारी तशीच बसायचीस.

आता पत्राचं खरं कारण. वडशाला आमच्या नाटक कंपनीचे मालक सोमाजीभाऊ यांनी ऑफिस उघडलंय. तुला ठाऊक आहे, इथे आधी पोस्टर लागतं, गावोगावची मंडळं येऊन पोस्टर पाहून नाटक ठरवतात आणि संहिता नंतर लिहिली जाते. भाऊंनी मला न विचारताच फलक रंगवला: ‘डॉक्टर, तुम्हीच आरोपी!’ खाली मूळ कथा म्हणून तुझं नाव बारीक, आणि लेखिका म्हणून माझं मोठं. मी परवानगीचं विचारलं तर म्हणाले, “बाई, तुमची मैत्रीण हाय ना? घरच्या मानसाले काय पुसाचं?” वर म्हणतात, डॉक्टरला एक जुळा भाऊ टाका, वाईट कामं त्याच्या नावावर जाऊ द्या. जुळा भाऊ मी टाकू दिला नाही. पण फलक उतरवा, असं त्याच क्षणी म्हणायला हवं होतं, ते म्हटलं नाही. आपली दोन नावं एकत्र पाहत उभी राहिले. आज सकाळी मात्र तो उतरवून घेतला. भाऊ रागावलेत. तीन गावांनी ते नाटक पसंत केलं होतं. मला हे नाटक लिहू दे, नंदिनी. तुझा डॉक्टर आहे तसाच ठेवीन, भित्रा, चोरटा, एकटा. लिहिलेलं प्रत्येक पान आधी तू वाच, हवं ते खोड. फलकावर आपली नावं एका ओळीत, एकाच आकारात लावीन. तू नाही म्हणशील, तुझ्या जागी मीही म्हटलं असतं. तरी मागते. फक्त ते ‘नाही’ प्रकाशकाकडून कळवू नकोस, फोन करून तूच म्हण.

तुझीच, अजून तुझीच,
सत्यशीला