परड्यातली पायरी

मलकापूर,
१२ मार्च १९७२

श्री. नाथाजीराव यांना सौ. विजयमालेचा नमस्कार.

एक पाय दोरीने मागे बांधला होता, हातात बांबू होता आणि मी घरामागच्या परड्यात तिसऱ्यांदा पडले.

तुमच्या आई दारातून म्हणाल्या, "ह्या वयात लंगडी खेळतीस व्हय गं?"

"कुबडी कुठं घसरती ते बघतीया, आत्याबाई."

त्या हसल्या नाहीत.

चूक माझीच होती. तुमच्यासाठी परड्यात मांडव घातला, त्यावर दोडक्याचा वेल चढवला, खाली बाज टाकली आणि जमीन शेणाने गुळगुळीत सारवली. सगळं देखणं झालं, पण त्या सारवणावर बांबू टिकेना. म्हणून ओढ्यातले खरबरीत दगड आणून बाजेपर्यंत वाट बसवली. घरातून उतरायला पायरीही केली. ती बघून आत्याबाई म्हणाल्या, "लय उंच हाय. चार बोटं खाली घे. त्येला गुडघा न्हाई आता."

हे त्या पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या.

पाय गेल्यावर तुम्ही पुण्याच्या इस्पितळातून लिहिलंत की असा गावात येणार नाही, पारावरच्या लोकांना तोंड दाखवणार नाही. नका दाखवू. परड्याला मागून वाट आहे, बैलगाडी थेट मांडवापर्यंत येते. पारावरची माणसं तुम्हाला हवी तेव्हा तुम्हीच इथं बोलवा.

येणार का, असं मी विचारत नाही.

विजयमाला

ता. क. सकाळी पत्र पेटीत टाकलं नाही, सोबतच घेतलं. चार बोटं खाली घेतलेली पायरी तुम्हाला जमते का ते बघायला तिच्या उंचीएवढी दोरी कापून घेतली आणि पहिल्या एस.टी.ने आत्याबाई व मी पुण्याला निघालो.