भिंतीला टेकलेलं कासव

अण्णा, तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात की ह्याने बांधलेल्या भिंतीला कासवसुद्धा टेकणार नाही. टेकतं. आज सकाळीच टेकलं. नर आहे, एका माणसाला धड उचलत नाही एवढा जड. डोकं आत ओढून पाठीची पुढची कड विटांना लावतो आणि मागच्या पायांनी रेटत राहतो, बंद पडलेला टेम्पो ढकलावा तसा. मी चहाचा कप घेऊन शेजारी उभा असतो. भिंत हलत नाही. दमला की तिथेच टेकून ऊन खात बसतो. तुम्ही हे पाहायला आणखी थोडे जगायला हवे होतात. प्रेमापोटी म्हणत नाही.

तुमचं ते वाक्य कुठे पडलं तेही आठवतं. हडपसरला तेव्हा शेतं होती आणि तुम्ही एका डॉक्टरचा बंगला बांधत होतात. दहावीला आपटून मी तुमच्या हाताखाली आलो होतो. कंपाउंडच्या भिंतीचा एक तुकडा, कमरेएवढा, मी एकट्याने उभा केला आणि तुम्हाला बोलवायला गेलो, धावत. तुम्ही आलात, पिशवीतून पितळी ओळंबा काढलात, दोरी सोडलीत, एक डोळा मिटलात. "दोन सूत बाहेर." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सूत म्हणजे पाव इंच. सांगितलं असतंत तर मी उतरवून पुन्हा बांधली असती. तुम्ही चपलेसकट पाय लावलात आणि ओले थर पाडलेत. मजूर हातातलं काम सोडून बघत राहिले. "चिरंजीव, तुमच्या हाताला ओळंबा नाही," असं म्हणून मग तुम्ही ते कासवाचं म्हणालात. मजूर उगाच हसले. तुमचा थोरला मात्र समजून हसला. कुत्रं म्हणू शकला असतात, शेळी म्हणू शकला असतात. तुम्ही नेमकं कासव म्हणालात, आणि ते कासव का, हे घरातल्या माणसांनाच कळणार होतं.

कारण ते माझं होतं. मी चौथीत असेन. आंध्राकडच्या एका मजुराने गावाहून येताना आणलेलं, तळहाताएवढं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. कसब्यातल्या आपल्या दोन खोल्या. आई भाकरी थापते आहे आणि ते तिच्या परातीपाशी मेथीची देठं खातं आहे. तुम्ही कामावरून येता, हातपाय धुता, आत डोकावता. "हे कोरड्यावर ठेवलंय? जीव घ्यायचाय का त्याचा?" मी सांगतो, अण्णा, ह्याला पाणी नको असतं, पाणी भरलेल्या परातीत ठेवलं तर बाहेर यायला धडपडतं. ह्याचे पाय बघा, हत्तीसारखे आहेत, बोटांत पडदा नाही. "अस्सं. म्हणजे गावाकडे विहिरीचं पाणी साफ राहावं म्हणून आम्ही कासवं सोडायचो, ती पोहण्याच्या शिकवणीला पाठवून सोडायचो?" आई म्हणते, "अहो, राहू द्या ना त्याचं तसंच." "कासव ते कासव. पाण्यातच राहणार. दावणीला बांधायला शेळी आहे का?" आणि तुम्ही ते उचलून मोरीमागच्या हौदात सोडता. सकाळी ते तळाशी होतं. तुम्ही हात घालून बाहेर काढलंत, उलटं करून पाहिलंत आणि म्हणालात, "रोगटच होतं." मग अंघोळीला गेलात, त्याच हौदातलं पाणी घेऊन.

आपल्या भाषेत पाण्यातलं तेही कासव आणि रानातलं तेही कासव. जनावरं दोन, शब्द एक. हे मी पुढे स्वतःच वाचून काढलं, आणि चूक शब्दाची होती असं म्हणून तुम्हाला सोडून द्यावं असंही एकदोनदा वाटलं. पण मी पाय बघा म्हणालो होतो, अण्णा. भिंतीचं सूतभर झुकणं तुम्ही रस्त्यावरून ओळखायचात. हातात धरलेल्या जिवाचे पाय बघायला तुम्हाला सवड नव्हती.

त्या पाडलेल्या भिंतीनंतर मी थापी कित्येक वर्षं धरली नाही. फ्रीज उघडले, बिघडवले, जोडले, आणि कुणी न शिकवता शीतगृहांच्या यंत्रांची कामं घेऊ लागलो. आयुष्यभर लोकांची बटाट्याची, औषधांची गोदामं गार ठेवली. मग तुमच्या नातीने ही जोडी आणली. ती हिंजवडीत नोकरीला आहे. तिच्या ऑफिसातलं एक जोडपं परदेशी चाललं होतं आणि त्यांनी बाल्कनीत पाळलेली आफ्रिकन कासवं बाल्कनीत मावेनाशी झाली होती. आपल्याकडची चांदण्यांची कासवं पाळायला बंदी आहे. ह्यांची मात्र सरकारदरबारी रीतसर नोंद आहे, ती आधी आमच्या नावावर करून घेतली. "बाबा, तुम्ही कराल ना ह्यांचं घर?" एवढंच ती म्हणाली. आमची जागा हडपसरच्या पुढे, कालव्याच्या खालच्या अंगाला. खोलगट भाग, थंडी तिथे साचते; पौष महिन्यात शहरापेक्षा आमच्याकडे चांगलंच गारठतं. आणि ही वाळवंटातली जनावरं. ओल आणि गारठा एकत्र आले की छातीत कफ धरतात आणि मरतात. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न माझ्यासमोर होता: कासव आहे, आणि ते माझ्या घरी जगतं की मरतं.

गवंडी बोलावला नाही. भिंत मी बांधली. जाळी लावली नाही, कारण पलीकडचं दिसलं की ही तिकडेच जायला बघतात आणि रेटून रेटून तोंड सोलून घेतात. भरीव विटांचं काम, आणि पाया हातभर खाली, कारण ती उकरतात. कोपरे सगळे गोल केले. "काटकोन नाही ते घर नाही, उकिरडा आहे," हे तुमचंच ना? काटकोनात ही अडकतात, एकमेकांवर चढतात, उताणी पडतात आणि उताणी राहिली तर संपतात. तुमचा काटकोन माझ्या आवारात कासव मारतो, म्हणून मी तो ठेवला नाही. त्यांची झोपायची खोली जोत्यावर उचलून, दक्षिणेला तोंड, भिंत दुहेरी आणि मधल्या पोकळीत थर्माकोल. दाराला शीतगृहाच्या असतात तशा जाड प्लास्टिकच्या पट्ट्या. तिथे त्या गारवा आत धरतात, इथे ऊब. छताला सिरॅमिकचा दिवा, जो उजेड न देता नुसता तापतो, आणि त्याला थर्मोस्टॅट. पाण्याला पसरट थाळा जमिनीत बसवला आहे, दोन बोटं खोल. दोनच बोटं. तो बसवताना मी तुमच्याशी मोठ्याने बोलत होतो, असं तुमची सून म्हणते. काय बोलत होतो ते ती सांगत नाही.

फाटकावर पाटीही लावली: "ही कासवे जमिनीवरची आहेत. पाण्यात सोडण्याचा सल्ला देऊ नये." येणारे-जाणारे हसतात, फोटो काढतात, पुणेरी पाटी म्हणून. ती त्यांच्यासाठी नाहीच.

थोरला परवा आला. तुमची गादी तोच चालवतो, तुमचा ओळंबाही त्याच्याकडेच. आल्या आल्या पाटी वाचली आणि कासवांची खोली बघून आला. मग म्हणाला, "एवढ्यात माणसाला राहायला खोली झाली असती रे."

"माणसाला हौदात ठेवलं तरी चालतं. पोहतो तो."

"अजून तेच धरून बसलायस? अण्णांना काय माहीत होतं तेव्हा?"

"मी सांगितलं होतं."

"तू चौथीत होतास."

"पाय बघायला चौथी पुरे होती."

पट्ट्या सारून त्याने आत हात घातला आणि जरा वेळ तसाच ठेवला, ऊब लागत होती म्हणून. मग सवयीने ओळंबा काढला, भिंतीला चार ठिकाणी लावला, तुमच्यासारखाच एक डोळा मिटून. "बरी आहे," म्हणाला. थोरल्याच्या तोंडून बरी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. जाताना म्हणाला, "अण्णांच्या तिथीला ये ह्या वर्षी. काय बोलायचंय ते एकदाचं त्यांच्या फोटोपुढे बोलून टाक. नाहीतर लिहून ठेव." म्हणून हे लिहायला बसलो.

आज आमच्याकडे ह्या हिवाळ्यातली सगळ्यात कडक थंडी होती. कालव्यावर धुकं होतं आणि गाडीच्या काचेवर दव थिजल्यासारखं दिसत होतं. मी पट्ट्या बाजूला केल्या. आत दोघं पाय पसरून झोपली होती. मादीने एक डोळा उघडला आणि गार वारा आत घेतला म्हणून माझ्याकडे तुमच्यासारखंच पाहिलं. उन्हं आल्यावर नर बाहेर पडला, थेट भिंतीकडे गेला आणि ढुशा द्यायला लागला. दोन्ही जिवंत आहेत, अण्णा. कोरडी आहेत. मी जिंकलो आहे, आणि तुम्हाला उत्तर देता येत नाही, हे मला अगदी योग्य वाटतं.

हे कागद तिथीला तुमच्या फोटोखाली ठेवायचे असं सकाळी ठरवलं होतं. ठेवणार नाही. फाटकाच्या डाव्या खांबापाशी भिंत एक सूत बाहेर आहे. लेझरच्या रेघेवर मला दिसलं, तोवर सिमेंट धरलं होतं. थोरल्याने नेमका तिथेच ओळंबा धरला आणि त्याला ते कळलं नाही. तुम्हाला रस्त्यावरूनच कळलं असतं.