मागून येणारी बाई

आये, तुझ्या माहेरून, माथेरानच्या पायथ्यापासून, गाढी नदीच्या काठाने उलव्याच्या खाडीपर्यंत तू मला चालवत आणायचीस, ती वाट आता भरावाखाली आहे. सत्तरनंतरची ती वर्षं, मी लहान. एका भर दुपारी खारफुटीतून कुणीतरी माझं नाव घेतलं. मी ओ द्यायला तोंड उघडतो तोच तुझा तळहात माझ्या तोंडावर. "एका हाकंला वो देऊ नको र! मानूस असंल त परत हाक मारंल." आपण उभे राहिलो. परत हाक आली नाही. गाव येईपर्यंत तू माझं मनगट सोडलं नाहीस.

पुढे मी पुस्तकं वाचली, सभा गाजवल्या. भूत हे घाबरवणाऱ्यांचं भांडवल आहे, असं ठणकावून सांगितलं. तू गेल्यावर काही वर्षांनी, जमिनी गेलेल्या गावांना घेऊन मी त्याच काठाने समुद्राकडे निघालो. नवं शहर वसवणाऱ्यांना दाखवायचं होतं की ही वाट आमची आहे. पनवेलच्या पुढे बांध संपला. समोर लाल मुरमाचा सपाट भराव, त्यात उभीच वाळलेली खारफुटी. वारा नाही, पाखरू नाही. "चल ना दादा, मुहूर्त बघतंस का काय?" मागून एक म्हातारी हसली. वरच्या गावची, तुला कधी न पाहिलेली.

मी पाऊल उचललं आणि पाठीमागून तुझी हाक आली, घरातल्या नावाने. तुझ्यानंतर ते नाव कुणी घेत नाही. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहत थांबलो, म्हणून सगळेच थांबले. तेवढ्यात समोरचा मुरूम आवाज न करता खाली बसला आणि तिथे काळं पाणी वर आलं.

आम्ही वळसा घालून खाडीच्या मुखाशी पोचलो. "दादाची नजर लय तेज हाय," लोक म्हणाले आणि मला बोलायला उभं केलं. म्हातारी पाणी वाटत होती. शेवटचा पेला तिने झाकून ठेवला. "यो राहू दे. मंगाशी तुला हाक मारीत व्हती ना, ती बाय मागून येते."

प्रश्न विचारा, असं मी प्रत्येक व्यासपीठावरून सांगतो. ती बाई दिसते कशी, एवढंही मी विचारलं नाही. सगळं भाषण मी लोकांकडे पाठ करून, समुद्राकडे बघत केलं. लोक अजून त्या भाषणाचं कौतुक करतात. हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून तुला सांगतो: लोकांच्या मागे ती वाट होती, आणि तिकडे बघायची माझी छाती झाली नाही.