यादीच्या तळाशी

प्रिय अक्का,

हे पत्र गुरम्मा मावशी भाजीच्या टोपलीतून आणतील. तुझा फोन दाजी तपासतात, म्हणून. वाचून झालं की चुलीत घाल.

आईनं कळवलं, दाजींनी या वेळी ट्रॅक्टरचा पाना मारला. जबडा तारेनं बांधलाय, पातळ वरण नळीनं पितेस. आई रडत म्हणाली, “त्यायचा राग लई हाय, पर मनानं वाईट न्हाईत.” मी फोन ठेवला आणि भिंतीवर मूठ आपटली. अजून सुजलेली आहे. खरं सांगते, त्याच पान्यानं दाजींची बोटं एकेक करून ठेचावीत असं वाटतं. मग माझीच मला भीती वाटते.

माझ्या पदवीच्या दिवशी तू नांदेडला आलीस, कोपरापर्यंत बांगड्या भरून. सगळ्या बाया कौतुक करत होत्या. फोटोसाठी हात वर केलास आणि बांगड्यांखालचे काळेनिळे वळ मला दिसले. तू कानात म्हणालीस, “घरात पहिली शिकलेली तू. आमच्यावाणी गप बसू नको.”

म्हणून मी या संस्थेत आले. मार खाणाऱ्या बायकांची माहिती आमच्याकडे दवाखान्यांतून येते. हाड मोडलं, भाजलं, गळा दाबला, प्रत्येक जखमेला गुण. ते एकमेकांशी गुणायचे आणि जिचा आकडा सगळ्यात मोठा, तिच्या घरी आमच्या संस्थेच्या सरोजिनीताई आधी जाणार. आमच्या आलोक सरांनी हा हिशेबाचा प्रोग्राम ‘आर’ नावाच्या संगणकी भाषेत लिहिला होता, जड गुणाकार तेवढे सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेत. नव्या संगणकावर तो कंपाइलच होईना, म्हणजे संगणकाला कळेल अशा रूपात उतरेना. ते उतरवून देणारा कंपायलर सांगत होता, मोठा आकडा लहान जागेत कोंबताय. या नव्या संगणकावर अशी नुसती सूचना आली तरी काम थांबावं, असं ठरवलेलं आहे. सर म्हणाले, “अगं, वॉर्निंग आहे नुसती. बंद करून टाक, मीही तेच केलं होतं.”

मी बंद केली नाही. जुने आकडे उघडून बसले. संगणकात पूर्णांकाला ठरलेलीच जागा असते. दोन अब्जांच्या थोडं पुढे गेलं की आकडा उलटतो, ऋण होतो. त्यामुळे कमी मार खाल्लेल्या बाया यादीत वर होत्या, आणि जिच्या अंगावर मारायला जागा उरली नव्हती ती तळाशी, ‘धोका नाही’ असा शेरा घेऊन. शिरूर अनंतपाळची एक भाजलेली बाई तिथेच होती. ताई धावत गेल्या. दारात तेराव्याचा मांडव होता.

अक्का, तळाशी तूही होतीस. गेल्या उन्हाळ्यात औशाच्या दवाखान्यात नर्सला तू सगळं खरं सांगितलंस, हे मला ठाऊकच नव्हतं. एकदा बोललीस आणि कुणीच आलं नाही. तुला वाटलं असेल, आपलं दुखणं कुणाच्या हिशेबातच नाही. त्यानंतरच तू ‘पाय घसरला’ म्हणू लागलीस, हो ना? तसं नव्हतं गं. तुझा मार त्या जागेत मावला नाही. मी ती जागा मोठी केली, यादी पुन्हा काढली. आता पहिलं नाव तुझं आहे. बुधवारी दाजी नेहमीसारखे सामान आणायला लातूरला जातील, तेव्हा सरोजिनीताई, महिला पोलीस आणि मी दारात असू. तुला तोंड उघडता येणार नाही, माहीत आहे. तू फक्त आतली कडी काढ.

तुझीच,
शिवकन्या