सुनीताचं उत्तर

मंगळवार, संध्याकाळ

आज वर्गात नीचपणा केला मी. वायरमनच्या कोर्सला बिडकीनहून येणाऱ्या, घरी मेंढ्या राखणाऱ्या सुनीताला फळ्यावर गणित घातलं. २३० व्होल्ट, ५ अँपिअर, पॉवर किती? तिनं गुणून ११५० वॅट लिहिलं. मला वाटलं, मी रेझिस्टन्स विचारलाय.

"भागायचं असतं, ४६ ओहम! मेंढ्या सोडून इथं कशाला आलीस?"

सगळा वर्ग खदखदून हसला.

"सर, तुम्ही पॉवरच विचारली व्हती."

खरं होतं. तेव्हाच कळलं मला. तरी म्हणालो, "उलट बोलू नको, बस खाली." का? चुकलो म्हणायला एवढं काय जड होतं?

वर्ग सुटल्यावर ती कोर्स सोडायचा अर्ज घेऊन कागदपत्रं परत मागायला आली. "नाय जमणार मला, सर."

तुझं उत्तर बरोबर होतं, एवढंच सांगायचं होतं. मी तिच्या अर्जावर सही केली.